'काही लागलं तर सांगा' याच्या पुढे

ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "बाबांना ॲडमिट केलंय, उद्या ऑपरेशन." पुढच्या पंधरा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागते. त्यात आठ-दहा जण आवर्जून लिहितात, "काही लागलं तर सांगा. हक्कानं सांगा." लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर त्यामुळे एक काम वाढतं. काय लागेल हे त्यानं ओळखायचं, कुणाला सांगावं हे ठरवायचं आणि मग संकोच गिळून फोन करायचा. तो करत नाही. "नको नको, होतंय सगळं" म्हणून मोकळा होतो आणि रात्री बाहेरच्या गाडीवर वडापाव खाऊन झोपतो.

त्यापेक्षा काय करणार, कधी आणि किती वेळ, एवढं लिहून टाकावं. "वहिनी, आज साडेसातला दोघांचा डबा घेऊन सिव्हिलच्या गेटवर येतो. नको असेल तर सहापर्यंत कळवा, नाहीतर निघालोच." इथे वहिनींना होकार द्यायलाही कष्ट नाहीत, नुसतं गप्प राहिलं तरी डबा येतो. "मंगळवारी आणि गुरुवारी रात्री दहा ते सकाळी सहा मी थांबतो." "धाकटीची क्लासची ने-आण हा आठवडा आमच्याकडे." "घराची किल्ली द्या, झाडांना पाणी आणि दूधवाल्याचा निरोप मी बघतो." मदत छोटी असावी, तिला वेळ असावी आणि नाव असावं. ज्याला यातलं काहीच जमणार नसेल त्यानं नुसते हात जोडावेत, त्यात कमीपणा नाही. फक्त मग 'सांगा' म्हणू नये.

आमच्या नाशिकात सोसायटीचा ग्रुप असो, दहावीच्या बॅचचा, सकाळी गंगापूर धरणापर्यंत सायकल मारणाऱ्यांचा किंवा अंबडच्या एखाद्या कंपनीतल्या पाळीचा, अडचण एकच असते. माणसं शहरभर विखुरलेली आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी विचारलं असेलच. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. कामाला लागतात सहा-सात. म्हणून बातमी आली की मोठ्या ग्रुपवर चर्चा न करता पाच-सात जणांचा वेगळा ग्रुप त्याच तासात करायचा आणि एकाकडे सूत्रं द्यायची. हा माणूस सगळ्यात जवळचा मित्र असला पाहिजे असं नाही. उलट जवळचा माणूस बहुतेक वेळा स्वतःच हललेला असतो. फोन उचलणारा, यादी करणारा आणि तोंडावर 'नाही' म्हणू शकणारा माणूस चांगला. घरच्यांपैकीही एक जण त्यात हवा, पण पेशंटच्या उशाशी बसलेला नको. पुतण्या, जावई, मेहुणी असं कुणीतरी, ज्याला घरात काय चाललंय ते माहीत आहे आणि ज्याचा मोबाइल चार्ज असतो.

मोठ्या ग्रुपवर मग एकच ओळ टाकायची: "तब्येतीबद्दल रोज रात्री आठला मी लिहीन. कृपया घरच्यांना फोन करू नका." हे ऐकायला कठोर वाटतं. पण दिवसभरात आलेल्या वीस फोनना तेच ते सांगून माणूस जेवढा थकतो तेवढा जिने चढून थकत नाही. आठचा निरोप तीन ओळींचा ठेवावा. आजाराचं नाव, रिपोर्टचे फोटो, सलाईन लावलेल्या हाताचा फोटो यातलं काहीही मोठ्या ग्रुपवर जाता कामा नये. उद्या त्याच माणसाला मुलीचं लग्न ठरवायचंय, नोकरीत परत जायचंय. एकदा बाहेर पडलेला रिपोर्ट परत येत नाही.

आता डबा. हा विषय सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पहिल्या तीन दिवसांत डब्यांचा पूर येतो. एकाच संध्याकाळी चार घरांतून चार डबे, त्यातले तीन वाया जातात. आठव्या दिवशी कुणीच नसतं. खरी दमणूक दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, तेव्हा रजा संपलेली असते आणि भेटायला येणारेही आटलेले असतात. म्हणून यादी पहिल्याच दिवशी चौदा दिवसांची करायची. सात घरं असतील तर प्रत्येकाला दोन पाळ्या, त्याही लागोपाठ नकोत. फक्त रात्रीचा डबा ग्रुपकडे ठेवावा. सकाळी पोहे-चहा कुठल्याही हॉस्पिटलबाहेर मिळतो, दुपारी बहुतेकदा घरचं कुणीतरी येऊन जातं. रात्री आठनंतर मात्र वॉर्डातून खाली उतरायला पास असलेला माणूस एकटाच असतो. यादी छोट्या ग्रुपवर वर पिन करून ठेवायची. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहते, ३० निवडा.

वाटप रस्ता बघून करा. पेशंट आडगावच्या मेडिकल कॉलेजला असेल तर म्हसरूळ, पंचवटी, हिरावाडीची घरं घ्यावीत. नाशिकरोडहून संध्याकाळी सातला निघालेला डबा द्वारकेच्या चौकात अडकला तर पोळ्या गार आणि आणणारा गरम. बिटको रुग्णालयाला नाशिकरोड-जेलरोडवाले, सिव्हिलला त्र्यंबक रोड, कॉलेज रोड, सातपूरचे लोक. सातपूर-अंबडला पहिली पाळी करणारे संध्याकाळी मोकळे असतात, दुसरी पाळीवाल्यांना रात्रीच्या डब्याच्या यादीत घेऊच नये. पेशंट इगतपुरी तालुक्यातल्या एखाद्या हॉस्पिटलात असेल तर डब्याचा हट्टच सोडावा. तिथल्या मेसचे पैसे आठवड्याचे आगाऊ भरून टाकणं हीच मोठी मदत.

पेशंटला काय द्यायचं ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात, त्यात आपण पडायचं नाही. डबा सोबत बसणाऱ्यांचा. दोघांना सहा पोळ्या, एक सुकी भाजी, थोडी चटणी आणि वेगळ्या झाकणाच्या डब्यात खिचडी किंवा वरण-भात एवढं पुरतं. रस्सा टाळावा. तो सांडतो आणि हॉस्पिटलात भांडं घासायला नीट जागा नसते. उन्हाळ्यात दही, काकडीची कोशिंबीर, नारळाची ओली चटणी पाठवू नका, चार तासांत आंबते. बटाट्याची काचऱ्यांची भाजी, कोबी, कोरडं पिठलं, मेथीचे पराठे टिकतात. आधी चार प्रश्न विचारून यादीच्या डोक्यावर लिहायचे: कुणाला साखर आहे का, कांदा-लसूण चालतं का, उपवास कुठल्या वारी, तिखट किती. मिसळीच्या गावात राहून तिखटाचं विचारायला काय लाजायचं, पण रात्रभर जागणाऱ्याला जळजळ नको असते. गुरुवारी साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी द्यावी, पोटाला हलकी पडते.

आणि भांडी. स्टीलचा चार पुडांचा डबा म्हणजे आणखी एक उसनवारी. तो धुवायचा, जपायचा, कुणाचा होता ते लक्षात ठेवायचं. त्यापेक्षा श्रीखंडाचे रिकामे डबे वापरावेत, परत मागू नयेत. अगदी गरम पदार्थ मात्र त्यात भरू नका, जरा निवू द्या. स्टीलच द्यायचं असेल तर झाकणावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहा, आणि आजचा डबा देणाऱ्यानं कालचा घेऊन जायचा असा नियम करा.

डब्यासोबत पिशवीत जे बाकीचं जातं तेही सांगतो, कारण ते कुणाला सुचत नाही. लांब वायरचा चार्जर, वॉर्डातला प्लग नेहमी भलत्याच कोपऱ्यात असतो. रबरी चप्पल. पाण्याची मोठी बाटली. दहा-वीसच्या नोटा. आधार आणि रेशनकार्डाच्या पाच-पाच झेरॉक्स, पेन आणि एक पातळ वही. अंगाला लावायचं डासांचं क्रीम, कारण वॉर्डात अगरबत्ती लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिकच्या हॉस्पिटलातली फरशीही तशीच असते. सतरंजी, जाड चादर आणि कानटोपी द्याच.

रक्ताच्या निरोपांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. गणपतीच्या आगेमागे डेंगीचे पेशंट वाढले की ग्रुपवर "अर्जंट ब्लड" सुरू होतं आणि त्यातले निम्मे निरोप शिळे असतात. कारण साधं आहे. लिहिणारा तारीख घालत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप फक्त १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, आणि पुढे गेलेल्या प्रतींवर तर आपला काहीच ताबा नसतो. "आज रात्री हवंय" असं लिहिलेला निरोप वर्षभर फिरतो, लोक त्या नंबरवर फोन करत राहतात. बिचाऱ्या घरात तोवर काय झालेलं असतं, आपल्याला माहीत नसतं.

म्हणून तारीख आणि वर्ष मजकुरातच लिहायचं. नमुना असा:

"१२ सप्टेंबर, वर्ष अमुक, दुपारी ३. ओ पॉझिटिव्ह, प्लेटलेट (एसडीपी) देणारा १ जण हवा. हॉस्पिटल अमुक, पण रक्त द्यायचं ते तमुक रक्तपेढीत. आज रात्री ९ पर्यंत. फोन फक्त या एका नंबरवर. १३ तारखेनंतर हा निरोप पुढे पाठवू नये."

पेशंटचं नाव लागत नाही. हॉस्पिटल आणि रक्तपेढी मात्र दोन्ही लागतात, कारण बऱ्याच हॉस्पिटलांची स्वतःची रक्तपेढी नसते आणि दाता भलत्याच ठिकाणी जाऊन उभा राहतो. काम झालं की त्याच निरोपाला उत्तर म्हणून "मिळालं, धन्यवाद" टाकायचं. ॲडमिननं तो मूळ निरोप काढून टाकला तर उत्तमच.

नेमकं काय हवंय ते डॉक्टरांना विचारून घ्या. रक्ताची पिशवी हवी असेल तर रक्तपेढी ती साठ्यातून देते. आपण दिलेलं रक्त लगेच त्याच पेशंटला चढत नाही, आधी त्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते. त्यामुळे 'बदली' म्हणून, म्हणजे साठ्यातून घेतलेल्या पिशवीची भरपाई म्हणून, रक्तदान करायला जाणाऱ्याचा गट पेशंटशी जुळलाच पाहिजे असं नाही. हे माहीत नसल्यामुळे ए पॉझिटिव्हवाले घरी बसतात आणि सगळे मिळून बी निगेटिव्हचा एकच माणूस शोधत फिरतात. शोधाशोधीच्या आधी ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर कुठल्या रक्तपेढीत काय साठा आहे ते बघावं आणि फोन करून खात्री करावी.

एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट, आणि ते प्रकरण वेगळं. त्याला साधारणपणे गट जुळणारा दाता लागतो, वजन ५० किलोच्या पुढे, हाताची शीर ठसठशीत आणि त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं चालत नाही, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ती असते हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मशीनवर तास-दीड तास जातो, तपासणी धरून तीन तास हाताशी ठेवा. म्हणून एक दाता हवा असेल तर तीन जण पाठवावेत. एकाची शीर सापडत नाही, एकाचा काउंट कमी निघतो. काढलेल्या प्लेटलेट जास्तीत जास्त पाच दिवस टिकतात, त्यामुळे उगाच आधी काढून ठेवण्यात अर्थ नसतो. डेंगीत काउंट उतरला की लगेच प्लेटलेट चढवतात असंही नाही. तो निर्णय डॉक्टरांचा, ग्रुपवरच्या पपईच्या पानांच्या रसवाल्यांचा नाही.

साध्या रक्तदानाला वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषांना दोन दानांत ९० दिवस, बायकांना १२० दिवसांचं अंतर. गोंदवून घेतलं असेल तर वर्षभर थांबावं लागतं. नाव, रक्तगट, शेवटचं दान कधी, राहायला कुठे आणि रात्री उठवलं तर चालेल का, अशा पाच रकान्यांची यादी ग्रुपनं तयार ठेवावी. यातला शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. यादी दोघांच्याच हाती असू द्या आणि दर सहा महिन्यांनी ताजी करा, नाहीतर पुण्याला बदली होऊन गेलेल्या माणसाला रात्री दोनला फोन जातो.

पैशांकडे वळण्याआधी ॲडमिट होतानाच विचारायचा प्रश्न: "महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे हॉस्पिटल आणि हा उपचार बसतो का?" योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण व्यवहार रोकडरहित आहे. आधी नोंद करायची असते. बिल भरून झाल्यावर पावत्या घेऊन गेलं तर हात हलवत परत यावं लागतं. माहितीसाठी १५५३८८ हा नंबर. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, तिथे वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्यायचा. ग्रुपमधला जो माणूस सरकारी कामात तरबेज आहे त्याला डब्याच्या यादीतून सूट देऊन या कामाला लावा.

तरीही वर्गणी काढायची वेळ आली तर दोन गोष्टी सुरुवातीलाच लिहून टाका. एक, हे पैसे परत करायचे नाहीत. दुसरं, उरले तर काय करायचं. हे आधी ठरलं नाही की सहा महिन्यांनी कुजबुज सुरू होते आणि त्या घरानं नवा फ्रिज घेतला तरी लोकांच्या डोळ्यांवर येतो. पैसे शक्यतो थेट घरच्यांच्या खात्यात जावेत. मध्ये कुणाचं खातं वापरावंच लागलं तर त्याच्या पासबुकाचा त्या दिवसांतला उतारा छोट्या ग्रुपवर दाखवायचा. मोठ्या ग्रुपवर फक्त एकूण आकडा. कुणी किती दिले याची यादी लावणं मला अजिबात पटत नाही. २०० रुपये देणाऱ्याची आणि २०,००० देणाऱ्याची नावं एकाखाली एक आली की पुढच्या वेळी २०० वाले येत नाहीत, आणि ग्रुप चालतो तो त्यांच्यावर. ग्रुपवर आलेला क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर दिसणारं नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका. एखाद्या सदस्याच्या नंबरवरून अचानक "जरा अडचण आहे, ३० हजार पाठव" आलं तर आधी साधा फोन लावून आवाज ऐका. खातं पळवून असे निरोप पाठवणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० ला फोन.

घरात माणूस गेलं की पहिल्या दिवसांत नाशिकमध्ये काय करायचं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं. पिठलं-भाकरी येते, अमरधामची व्यवस्था होते, रामकुंडावरच्या दशक्रियेचं गुरुजी बघतात. ग्रुपची गरज खरी तेराव्यानंतर. पाहुणे गेलेले असतात आणि टेबलावर कागदांचा ढीग असतो. इथे एका कागदपत्रं कळणाऱ्या माणसानं आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर ती शंभर सांत्वनांच्या बरोबरीची आहे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, पुढे विलंब शुल्क आणि धावपळ. हॉस्पिटलात मृत्यू झाला असेल तर नोंद हॉस्पिटल पाठवतं, पण नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का ते तेव्हाच तपासा. एका अक्षरासाठी पुढे विमा अडतो. दाखला महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून, म्हणजे पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड यांपैकी जिथे नोंद झाली तिथून. आठ-दहा प्रती एकदमच काढाव्यात. गेलेल्या माणसाचं सिमकार्ड बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा, बँकेचे आणि विम्याचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. त्याच्या एटीएम कार्डानं पैसे काढण्याचा मोह टाळा, नंतर वारसांत आणि बँकेशी तोच वाद होतो.

मग पासबुक घेऊन बसायचं. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपयांची एखादी नोंद दिसते का बघा. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची, २ लाखांचं संरक्षण. २० रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विम्याची, अपघाती मृत्यू असेल तर तेही २ लाख. फॉर्मवर सही केल्याचं गेलेल्या माणसालाही आठवत नसायचं, घरच्यांना कुठून माहीत असणार? माणूस नोकरीत असताना गेला असेल आणि पीएफ कापला जात असेल तर पीएफ आणि पेन्शन यांच्यासोबत ईडीएलआय नावाचा विमाही असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. त्यासाठी कामगाराच्या पगारातून वेगळं काही कापलं जात नाही, म्हणून पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही आणि अंबड-सातपूरच्या कितीतरी घरांना त्याचा पत्ताच नसतो. कंपनीच्या एचआरला तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गावाकडे शेती असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज.

हे सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नये. ताई समोर बसलेल्या असतात, प्रत्येक कागदावर त्यांच्या माणसाची सही असते. एका बैठकीत दोनच कामं, तीही सकाळी. मधे रडू आलं तर कागद बाजूला ठेवायचे, चहा टाकायचा, बाकीचं पुढच्या आठवड्यात.

सगळे चढउतार एवढे मोठे नसतात, हेही खरं. फेब्रुवारी-मार्चला अवकाळी आली की ग्रुपमधला द्राक्षबागाईतदार गप्प होतो. मणी तडकले की निर्यातीचा माल एका रात्रीत लोकल होतो. त्याला "निसर्गापुढे कुणाचं चालतं" असं लिहिण्यापेक्षा शहरातल्या मंडळींनी माल उचलावा. व्हॉट्सॲपवर पोल करा: २ किलो, ४ किलो, १० किलो. बारापर्यंत पर्याय देता येतात, पण तीन पुरे. भाव बागाईतदार सांगेल तो, घासाघीस नाही. पोल आदल्या रात्री नऊला बंद, पैसे रात्री दहापर्यंत आगाऊ. हे आगाऊ नसलं की ४० पेट्यांची मागणी येते आणि सकाळी ३० च उचलल्या जातात, उरलेल्या दहा पुन्हा त्याच्याच गळ्यात. उतरवायची जागा एकच ठेवा, गंगापूर रोडला एक आणि इंदिरानगरला एक असं करायला गेलात की गाडीभाडं नफा खातं. तडकलेला माल दोन दिवसांत संपवावा लागतो, हे घेणाऱ्यांना आधीच सांगा. न धुता फ्रिजमध्ये, खाण्याआधी धुवायचा. गारपीट असेल आणि विम्यात तो भाग घेतलेला असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. फोटो काढायला आणि ॲपवर माहिती भरायला ग्रुपमधलं एखादं पोर त्याच्या बागेत पाठवा. बागेत उभ्या माणसाचं त्या दिवशी मोबाइलवर लक्ष नसतं.

नोकरी गेलेल्याची गोष्ट उलटी. तिथे ग्रुपवर काहीच लिहायचं नाही. "याला कुठे चिकटवा रे" हे प्रेमानं लिहिलेलं वाक्यही त्याला चारचौघांत उघडं पाडतं. त्याला विचारून, एकेकट्यानं, आपल्या ओळखीच्या एका माणसाचं नाव आणि नंबर द्यायचा आणि त्या माणसाला आधी सांगून ठेवायचं. ट्रिपची वर्गणी, वाढदिवसाचा केक, भिशी हे त्या महिन्यांत हळूच मागे ढकलावं. कारण सांगू नये.

आणि कधी कधी रात्री उशिरा कुणीतरी लिहितं, "कंटाळा आला सगळ्याचा, संपवून टाकावंसं वाटतं." पाच मिनिटांनी तो निरोप पुसलेला असतो. पुसला म्हणून सोडून देऊ नका. ज्यानं वाचला त्यानं ताबडतोब फोन करायचा, ग्रुपवर समजूत घालत बसायचं नाही. स्पष्ट विचारायचं, "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उपदेश नको, पोराबाळांची शपथ नको. फोन चालू ठेवून दुसऱ्याला त्याच्या घरी पाठवा आणि एकटं सोडू नका. शेतकरी घर असेल तर फवारणीची औषधं कुलूपबंद आहेत का हे घरच्यांना विचारा. धोका समोर दिसत असेल तर ११२. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि घाबरलेल्या मित्रानंही तिथे फोन करून पुढे काय करावं ते विचारावं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर या विषयाचा उल्लेखही नको.

सकाळच्या फुलांच्या 'शुभ सकाळ'ला सगळे हसतात. मी हसत नाही. रोज साडेसहाला गुलाब टाकणारे काका दोन दिवस दिसले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांचं दार वाजवतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो गुलाब म्हणजे हजेरी आहे. दोन बाण असलेले, अनेकदा फिरलेले औषधांचे सल्ले मात्र खुशाल उडवा. आणि निवडणुकीच्या दिवसांत ॲडमिननं पंधरा दिवस 'फक्त ॲडमिन लिहितील' असं करून टाकलं तर कुणी रागावू नये. मित्र त्या पंधरा दिवसांत जेवढे तुटतात तेवढे वर्षभरात जुळत नाहीत.

ज्याला मदत हवी आहे त्याच्यासाठीही थोडं. मागायला लाज वाटते, कारण आपण सगळी अडचण एकदम मागायला जातो. एक तुकडा मागावा. "उद्या ११ ते १ आईजवळ बसायला कुणी येईल का? मला बँकेत जायचंय. औषधं सिस्टर देतात, नुसतं बसायचंय. तिसरा मजला, लिफ्ट चालू आहे." किती वेळ, काय करायचं, काय करायचं नाही, कुठे यायचं, सगळं त्यात आहे. नको असलेली मदतही सरळ नाकारावी: "भेटायला नका येऊ, संसर्गाची भीती आहे, त्याऐवजी शनिवारचा डबा घ्या." आणि निरोप आदल्या रात्री नऊच्या आत टाका. सकाळी आठला टाकलेला निरोप पहिली पाळीवाले दुपारी सुटल्यावरच वाचतात.